प्रगत वर्गाचें दार सर्वांस उघडावें काय?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंत एका निवृत्त शिक्षकांनीं दिलेलें भाषण)



महोत्सव मंडळानें मला 'शिक्षण' ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. विषय समुद्राएवढा आणि वेळ अर्ध्या तासाचा. तेव्हां त्या समुद्रांतील एकच ओंजळ मी आज आपणांपुढें धरणार आहें. ही ओंजळ आपल्या किनाऱ्यावरची नव्हे, अमेरिकेंतील आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांचीं मुलेंबाळें आज त्या देशांत नांदत आहेत आणि त्यांचीं लेंकरें तेथील सार्वजनिक शाळांत शिकत आहेत. म्हणून हा विषय आपणांस अगदींच परका वाटणार नाहीं अशी मला आशा आहे.

माझी एक भाची लग्नानंतर वॉशिंग्टन राज्यांत राहावयास गेली. (हें राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, राजधानीचें वॉशिंग्टन शहर तें निराळें.) तिचा थोरला मुलगा आतां हायस्कुलांत गेला आहे. खालच्या शाळेंतील त्याच्या गणिताच्या शिक्षकांनीं 'ह्यास साधा वर्ग बरा' असें सुचविलें होतें, आणि घरच्यांनीं तें मुकाट्यानें मान्यही केलें होतें. तेवढ्यांत सुटीमध्यें शाळेचें पत्र आलें : राज्याच्या परीक्षेंत मुलानें ठरलेली पातळी गाठली आहे, सबब त्याचें नांव गणिताच्या प्रगत वर्गांत घातलें आहे, आपली हरकत असल्यास कळवावें. भाचीनें मला विचारलें, "मामा, शिक्षक म्हणतात नको, सरकार म्हणतें हो. मी काय करूं?" सारा जन्म मुलांस गणित शिकविण्यांत घालविलेल्या मामास ह्या प्रश्नाचें उत्तर चटकन देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं मीं जें वाचलें, त्याचाच गोषवारा आज सांगतों.

प्रथम तेथील हायस्कुलाची घडण सांगणें अवश्य आहे. सार्वजनिक हायस्कूल म्हणजे लोकांच्या करांवर चालणारें, फी न घेणारें, बहुधा नववी ते बारावी ह्या चार इयत्तांचें विद्यालय. आपल्याकडे दहावीनंतर मुलें शाखाशाखांत विभागलीं जातात. तेथें तशा शाखा नाहींत, पण एकेका विषयाचे वर्ग पातळीप्रमाणें निरनिराळे असतात : साधा, त्यावरचा 'ऑनर्स', आणि त्याहूनही वरचा 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट'. ह्या शेवटच्या वर्गांत हायस्कुलांतच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास होतो. मे महिन्यांत कॉलेज बोर्ड ह्या संस्थेची परीक्षा असते. तींत १ पासून ५ पर्यंत श्रेणी मिळते, आणि ३ किंवा अधिक मिळाल्यास पुष्कळ कॉलेजें तेवढा अभ्यास पुरा झाला असें धरितात. ही योजना १९५० नंतरच्या दशकांत फोर्ड फाउंडेशनच्या पैशाच्या आधारानें निघाली. मूळ ती निवडक शाळांतील निवडक मुलांसाठींच होती.

गणितांत तर ही पातळी म्हणजे एक शिडीच आहे. जो मुलगा आठवींत बीजगणिताची पहिली पायरी चढतो तो नववींत भूमिति, दहावींत पुढचें बीजगणित, अकरावींत कॅल्क्युलसची पूर्वतयारी आणि बारावींत कॅल्क्युलस म्हणजे कलनशास्त्र, असा वर जातो. जो ती पायरी नववींत चढतो, त्याची शिडी एक पायरी आधींच संपते. इंजिनिअर किंवा शास्त्रज्ञ होऊं पाहणाऱ्या मुलाचें नशीब अशा रीतीनें तेराव्या वर्षीं ठरून जातें, आणि तें ठरत असतां पुष्कळदां त्याच्या आईबापांस त्याची कल्पनाही नसते. ज्यांस असते ते शाळेंत जाऊन भांडतात; ज्यांस नसते, ते शिक्षकांचें म्हणणें शिरसावंद्य मानून घरीं येतात.

वरच्या वर्गांत कोणीं जावयाचें हें अनेक ठिकाणीं शिक्षकांच्या शिफारशीवर अवलंबून असतें. मी स्वतः शिक्षक, म्हणून आमच्या जातीविरुद्ध बोलणें मला जड जातें. परंतु ही शिफारस नेहमींच डोळस असते असें नाहीं. फ्लॉरिडा राज्यांतील ब्रॉवर्ड परगण्यानें २००५ च्या सुमारास एक साधी गोष्ट केली. विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठीं शिक्षक किंवा पालक नांव सुचवितील तेव्हांच मुलाची चाचणी घ्यावयाची, हा जुना प्रघात मोडून दुसरींतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास सुरुवात केली. तेव्हां कृष्णवर्णी, स्पॅनिश वंशाचीं आणि गरीब घरचीं मुलें त्या वर्गांत पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक संख्येनें आलीं. तीं मुलें आदल्या वर्षींही शाळेंत होतींच, फक्त तीं कोणाच्या दृष्टीस पडलीं नव्हतीं.

मलाही एकदां अशीच एक मुलगी दिसली नाहीं. तिच्या वडिलांस मीं सांगितलें होतें कीं, हिला शास्त्र शाखा झेपणार नाहीं. ते होडीवरचे गृहस्थ. त्यांनीं मान डोलावली आणि ते निघून गेले. पुष्कळ वर्षांनीं त्या मुलीच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां ती आपल्या मुलास वर्गसमीकरण समजावून देत होती, आणि तें माझ्याहून बऱ्या रीतीनें. मीं तेव्हां तिची कोणती परीक्षा घेतली होती, तें मला आजही आठवत नाहीं. फार करून कोणतीच नाहीं.

अशा अनुभवांवरूनच तेथील कांहीं सुधारकांनीं निश्चय केला कीं, निवडीची भानगडच नको. सर्व मुलांस सरसकट वरच्या वर्गांत घालावें. त्यांच्या तोंडीं एका शिक्षकाचें नांव नेहमीं असे. बोलिव्हियांतील ला पाझ शहरीं जन्मलेले जेमी एस्कलांते हे १९७४ सालीं लॉस एंजलिसच्या पूर्व भागांतील गारफील्ड हायस्कुलांत शिकवूं लागले. तेथील मुलें बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतील. १९८२ सालीं त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेस बसले, आणि अठराही उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेस ही गोष्ट खरी वाटेना. तिनें १४ जणांवर नक्कल केल्याचा संशय घेतला. त्यांपैकीं १२ जण पुन्हां परीक्षेस बसले, आणि बाराही पुन्हां उत्तीर्ण झाले. ह्या प्रकरणावर १९८८ सालीं 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला, आणि एस्कलांते ह्यांचें नांव जगभर झालें.

परंतु चित्रपट पाहून उठणाऱ्याची एक फसगत होते. अंकगणितांत अडखळणारीं मुलें एका धडाडीच्या शिक्षकामुळें वर्ष दोन वर्षांत कॅल्क्युलस शिकलीं असें त्यास वाटतें. वस्तुतः १९७४ आणि १९८२ ह्यांमध्यें आठ वर्षांचें अंतर आहे. त्या आठ वर्षांत एस्कलांते ह्यांनीं खालच्या इयत्तांचें गणित सुधारून घेतलें, शाळेच्या आधीं आणि नंतर तास घेतले, पुढें सुटींतील वर्ग चालविले. आणि हेन्री ग्राडिलास ह्या मुख्याध्यापकांनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहून ह्या कामास वाट करून दिली. पुढें ग्राडिलास गेले, १९९१ सालीं एस्कलांतेही ती शाळा सोडून गेले, आणि तो बहर ओसरला. म्हणजे दार उघडण्यापूर्वीं तेथें जिना बांधला गेला होता. अनुकरण करणाऱ्यांनीं दार पाहिलें; जिना त्यांच्या ध्यानांत आला नाहीं.

ह्याचा अनुभव शिकागो शहरास आला. तेथील सार्वजनिक शाळांनीं १९९७ सालीं नियम केला कीं, नववींत येणाऱ्या प्रत्येक मुलानें बीजगणितच घेतलें पाहिजे. कच्च्या मुलांसाठीं असलेले उजळणीचे वर्ग बंद. हेतु किती उदात्त! पुढें शिकागो विद्यापीठाशीं संबंधित संशोधकांनीं त्याचा परिणाम तपासला, तो मन खिन्न करणारा आहे. बीजगणिताच्या वर्गांत मुलें आलीं, पण परीक्षेंतील त्यांचें ज्ञान वाढलें नाहीं. नापासांची संख्या थोडी वाढली. आणि कॉलेजांत जाणाऱ्यांचें प्रमाणही वाढलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या शाळांत पक्कीं आणि कच्चीं मुलें एकाच वर्गांत बसविलीं गेलीं, तेथें पक्क्या मुलांचे गुण कांहींसे घसरले. वर्गाच्या दारावरची पाटी बदलली, आंतील शिकवणें मात्र तेंच राहिलें. उत्तर कॅरोलायना राज्यांतील शार्लट शहराच्या शाळांनींही ह्या शतकाच्या आरंभीं मध्यम तयारीच्या मुलांस एक वर्ष आधीं बीजगणितांत ढकललें. तीं मुलें त्या परीक्षेंत मागें पडलीं, आणि पुढच्या भूमितींतही त्यांचा पाय घसरला. तो प्रयोग त्यांस लवकरच आवरता घ्यावा लागला.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणतील, "झालें तर मग! ज्याची त्याची बुद्धि, ज्याचा त्याचा वर्ग." थांबा. शिकागोची गोष्ट येथें संपत नाहीं, आणि माझ्या मतें तिचा उत्तम भाग पुढेंच आहे. २००३ सालीं त्याच शहरानें दुसरा उपाय केला. आठवीच्या परीक्षेंत देशाच्या मध्यम पातळीखालीं राहिलेल्या मुलांस त्यांनीं बीजगणितांतून काढलें नाहीं. उलट त्यांस बीजगणिताचे रोज एकाऐवजीं दोन तास दिले. एका तासांत मूळ पाठ, दुसऱ्यांत त्याचाच आधार. शिक्षकांस त्यासाठीं निराळें साहित्य आणि निराळें शिक्षण देण्यांत आलें. नापासांचें प्रमाण लगेच घटलें असें नाहीं, आणि टीकाकारांनीं तेवढ्यावरून नाकें मुरडलीं. पण मुलांचें गणिताचें ज्ञान वाढलें. आणि पुढें अनेक वर्षांनीं त्या मुलांचा माग काढला असतां असें आढळलें कीं, त्यांच्यांतील हायस्कूल पुरें करणाऱ्यांची आणि कॉलेजांत जाणाऱ्यांची संख्या वाढली होती. नवल हें कीं, सर्वांत अधिक लाभ झाला तो ज्यांचें वाचन कच्चें होतें अशा मुलांस. तेंच शहर, तोच विषय, त्याच तऱ्हेचीं मुलें. फरक रोजच्या एका तासाचा.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर रॉकव्हिल सेंटर नांवाचें एक गांव आहे. तेथील शाळांनीं १९९५ च्या सुमारास ठरविलें कीं, मधल्या शाळेंतील सर्व मुलांस, कोणासही न वगळतां, वेगवान गणित शिकवावयाचें. परंतु त्याबरोबरच गरजू मुलांसाठीं एक दिवसाआड आधाराचे तास ठेवले, आणि शिक्षकांस एकत्र बसून पाठ आंखण्यास वेळ दिला. हायस्कुलांत येण्यापूर्वींच राज्याची बीजगणिताची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कृष्णवर्णी व स्पॅनिश वंशाच्या मुलांचें प्रमाण सुमारें तिपटीनें वाढलें, आणि हुशार मुलांचे गुण खालीं आले नाहींत. सरसकट प्रवेशाचे कैवारी हें गांव नेहमीं पुढें करितात. तें खोटें नाहीं. पण तो गांव लहान आणि सुस्थितींतला आहे, आणि तेथें तें काम वर्षानुवर्षें चिकाटीनें चाललें, हें सांगण्यास ते क्वचित् विसरतात. शिकागोसारख्या अफाट नगरींत तेंच एका फर्मानानें होईल असें मानणें भाबडेपणाचें आहे.

ह्या सभेस विशेष जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगतों. १९९३ सालीं ब्राइक, ली आणि हॉलंड ह्या तीन संशोधकांनीं अमेरिकेंतील कॅथलिक हायस्कुलांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांस असें दिसलें कीं, ह्या शाळांत निवडीला वाव थोडा; गरीब असो कीं श्रीमंत, बहुतेक मुलांस मुख्य विषयांचा तोच भक्कम अभ्यास करावा लागे, आणि गरीब-श्रीमंत मुलांच्या प्रगतींतील अंतरही सार्वजनिक शाळांपेक्षां तेथें कमी होतें. हें वाचून ऊर भरून येणें साहजिक आहे. पण आपण आपलीच पाठ थोपटूं नये. त्या शाळांत मुलें आईबापांच्या इच्छेनें आणि फी भरून येतात. सार्वजनिक शाळेस दारांत येईल त्या प्रत्येक मुलास घ्यावेंच लागतें. शिवाय एकच भक्कम अभ्यास सर्वांस देणें निराळें, आणि कॉलेजचा अभ्यास सर्वांच्या माथीं मारणें निराळें.

हें माथीं मारणें कसें होतें त्याचा मासला पाहा. एका अमेरिकन पत्रकारानें १९९८ सालीं हायस्कुलांची क्रमवारी लावण्याची एक रीत काढली, आणि ती वृत्तपत्रांतून फार गाजली. तींत मोजावयाचें काय, तर शाळेंत अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटसारख्या परीक्षा किती दिल्या गेल्या, भागिले बारावी उत्तीर्ण होणारीं मुलें किती. परीक्षा उत्तीर्ण झाली कीं नाहीं, हा प्रश्न त्या मूळच्या हिशेबांत नव्हता! कठीण अभ्यासास भिडणें हेंच मोलाचें, अशी त्या पत्रकाराची भूमिका होती, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु यादींत वर चढण्याचा मोह ज्या शाळेस होईल, तिला मुलें परीक्षेस बसविणें पुरेसें झालें. तीं शिकलीं कीं नाहीं, हें यादीस ठाऊक नसे.

ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचें. त्या शहराच्या शाळांनीं २०१४ सालीं समतेसाठींच आठवींतून बीजगणित काढून तें सर्वांस नववींत ठेवलें : कोणी पुढें नको, कोणी मागें नको. ज्यांच्या गांठीं पैसा होता त्यांनीं मुलांस बाहेर बीजगणित शिकविलें, आणि ज्यांच्या नव्हता त्यांचीं मुलें समतेच्या नांवाखालीं खालींच राहिलीं. अखेर २०२४ च्या मार्च महिन्यांत तेथील मतदारांनीं फार मोठ्या बहुमतानें आठवींतील बीजगणित परत आणण्याचा कौल दिला.

तर मग माझें मत काय? सर्व मुलांस सर्व प्रगत वर्गांत सरसकट घालावें, हें मला मान्य नाहीं. परंतु दारावर कोणा एका माणसास, मग तो माझ्यासारखा शिक्षक कां असेना, बसवून ठेवावें, हें मला त्याहूनही कमी मान्य आहे. वॉशिंग्टन राज्यानें ह्यांतून एक मध्यम मार्ग काढला आहे. सिअॅटल शहराजवळच्या फेडरल वे येथील शाळांनीं २०१० सालीं तो प्रथम चोखाळला, आणि २०१९ च्या कायद्यानें तो साऱ्या राज्यास लागू झाला. मुलानें राज्याच्या परीक्षेंत पातळी गाठली कीं त्याचें नांव आपोआप पुढच्या प्रगत वर्गांत जावयाचें. नको असेल तर पालकांनीं तसें कळवावयाचें. उत्तर कॅरोलायनानें २०१८ सालीं आणि टेक्ससनें २०२३ सालीं गणितापुरते असेच कायदे केले. टेक्ससमध्यें पांचवींत वरच्या ४० टक्क्यांत आलेलीं मुलें सहावींत प्रगत गणितास जातात. पूर्वीं ज्यास वर जावयाचें त्यास दार ठोठावावें लागे. आतां ज्यास जावयाचें नाहीं त्यानें बोलावयाचें. मुकाट्यानें घरीं जाणाऱ्या बापाचें मूलही त्यामुळें आंत राहतें. माझ्या त्या होडीवाल्या गृहस्थांच्या गांवीं असा नियम असता, तर त्या मुलीस माझी गरजच पडली नसती.

ह्या मार्गांतही एक उणीव आहे, आणि ती लहान नाहीं. ज्यानें पातळी गाठली नाहीं, त्याचें काय? त्याच्याविषयीं हा नियम मुका आहे. तेथें मला शिकागोचा दुसरा तास आठवतो. परंतु दुसऱ्या तासास पैसा लागतो, शिक्षक लागतात, आणि वेळापत्रकांतून चित्रकला किंवा संगीत ह्यांचा एखादा तास काढावा लागतो. म्हणून कायदा करणारे दार उघडून थांबतात आणि आंत काय चाललें आहे तें पाहण्यास जात नाहींत. नांव घालण्यास कांहीं खर्च येत नाहीं. खर्च येतो तो पुढें.

भाचीस मीं हें सर्व लिहिलें नाहीं. ती नोकरी आणि घर सांभाळणारी बाई, तिला एवढें वाचावयास वेळ कोठला! मीं एवढेंच लिहिलें कीं, मुलास प्रगत वर्गांतच राहूं दे. पहिल्या चाचणींत तो पडला तर घाबरून लगेच नांव काढूं नकोस. त्याच्या जुन्या शिक्षकांवर रागावूं नकोस. आणि शाळेंत जाऊन विचार कीं, अडखळणाऱ्या मुलांसाठीं तुमच्याकडे रोजचा दुसरा तास आहे काय.

तिचें उत्तर आलें. मुलगा ऑक्टोबराच्या चाचणींत पडला, आणि तिनें नांव काढलें नाहीं. दुसरा तास त्या शाळेंत नाहीं. ती आणखी तिघी आयांस घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली होती. त्यांतील एक मेक्सिकन, तिला इंग्रजी फारसें येत नव्हतें, म्हणून माझ्या भाचीनेंच तिचें म्हणणें मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून समजून घेऊन मांडलें. मुख्याध्यापकांनीं सर्व ऐकून घेतलें आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकांत पाहूं असें सांगितलें. तें अंदाजपत्रक अद्याप व्हावयाचें आहे, आणि मुलगा सध्यां रोज संध्याकाळीं जेवणाच्या टेबलावर आईपाशीं बसून गणितें सोडवीत आहे.